बाई उतरत नाहीत

आमच्या बाई गाडीवरून उतरत नसत. घरी गेल्यावर उतरत असतील, झोपताना तर नक्कीच उतरत असतील, पण बाजारात, शाळेच्या फाटकात, पिठाच्या गिरणीपुढे, लग्नाच्या मांडवाबाहेर मी त्यांना कायम गाडीवर बसलेलंच पाहिलं. भाजीवाल्यासमोर मोपेड थांबवायची, एक पाय जमिनीला टेकवायचा आणि तिथूनच सगळा कारभार. "वांगे दाखव. तसे नाई, फिरवून दाखव. देठाखाली भोक आहे त्याले, मले इथून दिसून राह्यलं." भाजीवाला कुरकुरत टोपली उचलून त्यांच्यापर्यंत यायचा. मलकापूरच्या बाजारात बाकीचे सगळे भाजीकडे जायचे, बाईंकडे भाजी यायची.

मी देऊळगाव राजाहून मलकापूरच्या शाळेत मराठी शिकवायला आले तेव्हा बाई तिथे भूगोल शिकवून शिकवून मुरल्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, आवाज खणखणीत आणि साडीच्या आत नवऱ्याची जुनी पँट. हो, पँट. गाडीवर बसताना साडी खोचली की ती दिसायची आणि आमचे हेडमास्तर छताकडे बघायला लागायचे. एकदा त्यांनी धीर करून विषय काढला. बाई म्हणाल्या, "सर, पँट तुमची आहे का? नाई न? ज्याची आहे त्याची काई तक्रार नाई." त्यानंतर हेडमास्तरांचं छताकडे बघणं चालू राहिलं, पण विषय पुन्हा निघाला नाही.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती माझ्या नव्या स्कूटरमुळे. एका संध्याकाळी त्यांची मोपेड पंक्चर होऊन दुकानात पडली होती. मी मोठ्या रुबाबात फाटकापाशी स्कूटर थांबवली आणि म्हणाले, "बसा बाई, घरी सोडते." बाईंनी स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सरक मागं."

"बाई, गाडी माझी आहे."

"तुहीच आहे व माय. मी काय घरात नेऊन ठेवून राह्यली का? सरक."

माझ्या कोऱ्या गाडीवर मी मागे बसून गेले. वर रस्ताभर त्या मला माझ्याच गाडीचे दोष ऐकवत होत्या. ब्रेक ढिला, आरसा उगाच मोठा, हॉर्न बकरीसारखा. त्यांच्या घराशी पोचल्यावर किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "चांगली बसतं व तू. हालत नाई." मला राग यायला हवा होता. पण त्या बाईंनी माझं कौतुक केलं याचाच मला जास्त आनंद झाला.

त्यांचा नवरा रेल्वेत होता. शांत, उंच, चष्मेवाला माणूस. मोपेडवर कायम मागे, मांडीवर पिशवी, पिशवीतून मेथी डोकावतेय. लोक हसायचे. चहाच्या टपरीवरचे तर मुद्दाम मोठ्यानं विचारायचे, "काऊन हो, आज बी मागंच?" तो माणूस हसून सांगायचा, "मले चालवता येत नाई, तिले मागं बसता येत नाई. जोडी जमली." तो वारल्यावर बाईंनी मोपेडच्या मागच्या सीटवर कुणालाही बसू दिलं नाही, आणि याबद्दल त्यांना कुणी काही विचारलंही नाही.

वर्गात बाई वेगळ्या. तिथे शुद्ध, पुस्तकी मराठी. दाराच्या बाहेर पाऊल पडलं की वऱ्हाडी. नववीला 'वाऱ्याचे कार्य' हा धडा असायचा. बाई फळ्यावर खडूने वाळूची टेकडी काढायच्या, चंद्रकोरीच्या आकाराची, दोन्ही टोकं वाऱ्याच्या दिशेला गेलेली. "याला बारखाण म्हणतात. वारा इकडून येतो. ही बाजू मंद उताराची, ही तीव्र उताराची." दरवर्षी एखादं पोरगं उठून विचारायचंच, "बाई, तुमी पाह्यलं का वाळवंट?" मागच्या बाकावर खसखस पिकायची. बाई खडू खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "नाही पाहिलं. पाहीन." एवढी वर्षं त्या 'पाहीन' म्हणत आल्या आणि पोरं हसत आली.

आता एक सायकलची गोष्ट सांगते, कारण ती कळल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

त्यांचं गाव मोताळ्याकडचं. गावात शिरायचा रस्ता एकच, आणि तो गढीसमोरून जायचा. गढीला मोठा ओटा. संध्याकाळी त्यावर गावातली वजनदार माणसं बसायची. बाईंचं घर बौद्धवाड्यातलं. वाड्यातल्या कुणीही सायकलवर बसून गढीसमोरून जायचं नाही, असा रिवाज. ओट्याच्या अलीकडे उतरायचं, हँडल धरून, मान खाली घालून चालत जायचं, पुढच्या पिंपळापाशी पोचलं की परत बसायचं. कायदा वगैरे तालुक्याच्या गावात असेल. गढीसमोर रिवाज होता.

बाईंचा बाप रस्त्याच्या कामावर मजूर. त्याने जुनी सायकल घेतली होती, आणि बाई आठवीत गेल्या तेव्हा शेजारच्या गावातल्या शाळेसाठी ती त्यांना दिली. पहिल्या दिवशी बाप सोबत होता. गढी आली आणि तो उतरला. मुलीलाही म्हणाला, उतर. दुसऱ्या दिवशी बाई एकट्या होत्या. त्या उतरल्या नाहीत. ओट्यावरून आवाज आला, "उतर खाल्ते!" बाईंनी पायडल जोरात मारले. असं काही दिवस चाललं. मग एका संध्याकाळी रस्त्यात आडवी बाज टाकलेली होती. बाई बाजेवर आदळून पडल्या, गुडघा फुटला, ओट्यावर हशा झाला. बाई उठल्या, सायकल उचलली, तिथेच, त्या ओट्यासमोर, पुन्हा सीटवर बसल्या आणि बाजेला वळसा घालून गेल्या.

रात्री बापाला गढीवर बोलावणं आलं. तो हात जोडून उभा राहिला, ऐकून घेतलं आणि घरी आला. पाना घेतला, वाकडं झालेलं हँडल सरळ केलं आणि सायकलची सीट दोन बोटं वर केली. म्हणाला, "उंच झाली तू. पाय पुरते का पाह्य."

हे सगळं बाईंनी मला परीक्षेच्या पर्यवेक्षणावर असताना सांगितलं, चेरापुंजीचा पाऊस सांगावा अशा आवाजात. वर म्हणाल्या, "तवापासून मले कोनी उतर म्हटलं का मी बसली." मला संताप आला. अजूनही येतो. पुष्कळ लोक म्हणतात, जुनं झालं, सोडून द्या आता. ज्यांचं काहीच गेलं नाही त्यांना सोडून द्यायला काय जातं?

बाई निवृत्त झाल्यावर चार-पाच वर्षांनी मलकापूरहून दुबईची एक सहल निघाली. बाईंनी नाव नोंदवलं आणि माझंही नोंदवून टाकलं. मला विचारायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. "वाळवंट आहे तिथं," एवढंच म्हणाल्या. सहलीत शेगावचे, मलकापूरचे, खामगावचे लोक होते, आणि त्यात होते भाऊसाहेब. भाऊसाहेब त्याच गढीच्या घरातले. "उतर खाल्ते" म्हणणारा आवाज त्यांच्या सख्ख्या काकांचा. ते स्वतः तेव्हा लहान होते, ओट्यावर खेळत असायचे. आता साठी गाठलेले, मलकापुरात बंगला, गोड बोलणारे, सगळ्यांना आपला म्हणणारे. विमानात त्यांनी घरच्या चिवड्याचा डबा उघडून रांगेरांगेत फिरवला.

"ह्या बाई आमच्या गावच्या बरं का!" ते सगळ्यांना सांगत होते. "लहानपणापासून लय धीट. आमच्या गढीसमोरून सायकल अशी न्यायच्या, अशी न्यायच्या, का पाहतच राहावं मानसानं!"

सगळे कौतुकाने हसले. बाईंनी चिवड्याची मूठ तोंडात टाकली. "दाने जरा करपले," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांच्या कानाशी लागले, "बाई, हे असं सांगतात कसं? लाज नाही वाटत?"

"त्याले आठवते तसं तो सांगते. मले आठवते तसं म्या तुले सांगतलं."

"आणि तुम्ही त्यांचा चिवडा खाता!"

"चिवड्याशी कायचं वैर व?"

वाळवंटात आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एका तंबूपाशी क्वाड बाईक रांगेत उभ्या होत्या. चार जाड चाकं, मधे फटफटीसारखी सीट, आणि अंगठ्याने दाबायचा ॲक्सिलेटर. गाईड पेशावरकडचा पठाण होता, दाढीत पांढरे केस, उर्दू स्वच्छ. सहलवाल्याने टाळी वाजवून जाहीर केलं, की साठीच्या वरच्या सगळ्या महिलांनी गाईडच्या नाहीतर घरच्या माणसाच्या मागे बसायचं. महिलांनीच का, पुरुषांनी का नाही, ते त्याने सांगितलं नाही. भाऊसाहेब तर केव्हाच एका बाईकवर जाऊन बसले होते.

बाई सरळ रांगेतल्या शेवटच्या बाईककडे गेल्या, साडी खोचली आणि चढल्या. सहलवाला धावत आला.

"मॅडम, तुम्ही मागं बसायचं."

"मागं बसायचं वय मले कधी आलंच नाई, बाप्पा. आता कुठून येईन?"

गाईड हे बघत होता. त्याने विचारलं, "अम्मीजी, चलाई है कभी?"

"चार चाके की नहीं चलाई. दो चाके की इतनी चलाई के तेरे जनम के पहले से." बाईंची हिंदी अशीच होती, अर्धी नागपूर पॅसेंजरमधली.

गाईडने त्यांना तंबूभोवती एक फेरी मारायला लावली. बाईंनी दोन मारल्या. "ठीक है," तो म्हणाला, "लेकिन मेरे पीछे, लाइन में. और चढ़ाई पर रुकना नहीं. रुके तो धँसे."

निघालो. पुढे गाईड, मागे बाई, मग भाऊसाहेब, मग मी, मागे बाकीचे. वाळू लालसर, वाऱ्याने तिच्यावर बारीक वळ्या पाडलेल्या. दहा मिनिटं सगळं उत्तम. बाईंच्या पदराचं टोक हेल्मेटखालून सुटून फडफडत होतं आणि त्यांची पँट पहिल्यांदाच कुणाच्या डोळ्यांत खुपत नव्हती. मग एक मोठी टेकडी आली. गाईड झपकन वर चढून गेला. बाई अर्ध्यावर गेल्या आणि थांबल्या.

का थांबल्या ते मला खालून लगेच कळलं. उजवीकडे वाळूची एक अख्खी चंद्रकोर पडली होती, एकीकडे मंद उतार, एकीकडे कडा, दोन टोकं पुढे गेलेली, हुबेहूब त्यांच्या फळ्यावरची. इतकी वर्षं जे खडूने काढलं ते समोर आल्यावर कुठल्या भूगोलाच्या शिक्षिकेचा अंगठा ढिला पडणार नाही? "बारखाण!" त्या ओरडल्या. "पाह्य व, बारखाण!" तेवढ्यात मागची दोन्ही चाकं वाळूत गेली. बाईंनी अंगठा दाबला, चाकं गरगरली, आणखी खोल गेली.

खाली आम्ही सगळे एकामागोमाग थांबलो. गाईड वरून पायी उतरून आला, चाकं पाहिली आणि अदबीने म्हणाला, "अम्मीजी, आप उतर जाइए. गाड़ी हल्की होगी, मैं निकाल दूँगा."

"हाव," बाई म्हणाल्या. चूक त्यांची होती, त्यांना ते माहीत होतं. त्यांनी एका हाताने साडी सावरली आणि उतरायला उजवा पाय उचललासुद्धा.

आणि खालून भाऊसाहेबांचा आवाज आला. हसरा, मोठा, घरचा आवाज. "उतरा खाल्ते, बाई, उतरा! कायले हट्ट करता?"

पाय हवेतच राहिला. मग तो परत जिथे होता तिथे गेला. बाईंनी दोन्ही हातांनी हँडल धरलं.

"नहीं उतरूँगी," त्या गाईडला म्हणाल्या.

"जी?"

"बैठे-बैठे निकालो."

गाईड आधी हसला, मग समजावू लागला, मग वैतागला. गाडी जड आहे, उतार आहे, उलटली तर जबाबदार कोण, सूरज डूबने वाला है. मागच्या लोकांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं वय झालं की असं होतं, कुणी म्हणालं मास्तरणी अशाच. खामगावच्या एका काकूंना तंबूतल्या जेवणाची काळजी लागली. मी बाईक सोडून धापा टाकत वर गेले.

"बाई," मी हळूच म्हणाले, "उतरा ना. वाळू आहे ही. इथे कुठली गढी?"

"आवाज कुठचा आहे?"

मी मागे वळून खाली भाऊसाहेबांकडे पाहिलं.

"मी उतरूनच राह्यली होती न व," त्या म्हणाल्या. "पठान म्हने तवा म्या पाय उचलला होता. तुह्या डोयादेखत उचलला होता. आता नाई. इथंच अंधार झाला तरी नाई. त्या आवाजानं मी एकदा बी उतरली नाई, आता काय मरताना उतरू?"

मला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी खालच्या सगळ्या माणसांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण ती गोष्ट बाईंची होती. मी गाईडकडे वळले आणि म्हणाले, "भाईसाहब, ये नहीं उतरेंगी. आप बताइए क्या करना है, मैं करती हूँ." गाईडने आळीपाळीने आमच्या दोघींकडे पाहिलं. काय ओळखलं कोण जाणे, पण पुढे त्याने वाद घातला नाही. गुडघ्यांवर बसला आणि हातांनी चाकांपुढची वाळू उपसायला लागला. दुसऱ्या चाकाशी मी बसले. वाळू ओंजळीतून परत खड्ड्यात येत होती. बाई वर बसून, ताठ, समोर बघत होत्या.

बऱ्याच वेळाने चाकांच्या कडा मोकळ्या झाल्या. गाईड म्हणाला, वर जाणं आता होणार नाही. मी पुढून ढकलतो, तुम्ही बाजूने, गाडी वळवून सरळ खाली घ्यायची. "अम्मीजी, रोकना मत. जो सामने आए, रोकना मत." त्याने खाली नजर टाकली. सरळ खाली भाऊसाहेबांची बाईक उभी होती, नेमकी वाटेत, पुढची चाकं मऊ वाळूत तिरकी.

गाईड तिथूनच ओरडला, "साहब! आप रास्ते में हैं! उतरिए!"

भाऊसाहेबांनी बसल्याबसल्या अंगठा दाबून पाहिला. चाकं वाळू उडवत जागच्या जागी फिरली.

"बैठके नहीं होगा, साहब! नीचे उतरिए! न्यूट्रल कीजिए, हैंडल पकड़के साइड में लीजिए!"

भाऊसाहेबांनी एकदा वर पाहिलं. बाईंकडे, की बाईंच्या मागच्या उन्हाकडे, सांगता येणार नाही. मग ते उतरले. त्यांचे चकचकीत बूट घोट्यापर्यंत वाळूत गेले. हँडल धरून, चाक नीट वळतंय का ते बघत, मान खाली घालून ते बाईक ढकलत बाजूला घेऊन गेले आणि तसेच हँडल धरून उभे राहिले.

आम्ही ढकललं. गाडी हलली, वळली आणि सुटली. बाई ताठ बसून खाली आल्या, ना वेगात ना हळू. त्या भाऊसाहेबांच्या अगदी पुढ्यातून गेल्या, हातभर अंतरावरून. त्यांनी मान वळवली नाही. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र तोवर गेलं होतं. मागच्या कुणाला काही कळलं नाही, ते टाळ्या वाजवत होते.

खाली घट्ट वाळूवर पोचल्यावर बाई थांबल्या. सीटवरूनच मागे वळल्या. भाऊसाहेब अजून हँडल धरून उभेच होते.

"चढा आता, भाऊसाहेब," बाई म्हणाल्या. "इथून पुढे कोनी काई म्हनत नाई."

मग त्यांनी अंगठा दाबला आणि गाईडची वाट न बघता निघाल्या. "लाइन में, अम्मीजी, लाइन में!" असं ओरडत तो पठाण त्यांच्या मागे धावला.